बर्लिन जवळ, बारामती लांब

दौंडला दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरने १९७५ साली पहिला मराठी चित्रपट केला. साखरेच्या राजकारणावर पोसलेला गावचा पुढारी आणि त्याला नको तो प्रश्न विचारत राहणारा एक दारुडा मास्तर, अशी ती जुगलबंदी होती. डॉक्टर म्हणजे जब्बार पटेल आणि चित्रपट 'सामना'. लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्मिती रामदास फुटाणे यांची, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. त्याच वर्षी 'सामना' बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता.

दौंडहून बारामतीला रेल्वेचा एक फाटा जातो, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. त्या फाट्याच्या टोकाला आणि आसपास माळेगावचा कारखाना आहे, सोमेश्वर आहे, भवानीनगरचा छत्रपती आहे, इंदापूरचा कर्मयोगी आहे. वालचंद हिराचंदांनी उसाच्या आणि साखरेच्या जोरावर वसवलेलं वालचंदनगर इंदापूर तालुक्यातच आहे. 'सामना'तला हिंदुराव धोंडे-पाटील ओळखायला या भागातल्या प्रेक्षकाला समीक्षकाची गरज कधीच पडली नसती. उसाला पाणी, पाण्याला सोसायटी, सोसायटीला पुढारी ही साखळी त्याच्या घरातली.

एकेचाळीस वर्षांनी, २०१६ साली, बर्लिनला आणखी एक मराठी चित्रपट दाखवला गेला. नागराज मंजुळे यांचा 'सैराट'. त्याचं बरंचसं चित्रीकरण करमाळा तालुक्यात आणि उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठाने झालं. त्या पाण्याचा अलीकडचा काठ इंदापूर तालुक्याचा. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे नीरा ओलांडली की आलंच. 'सैराट' मात्र गावोगाव पोचला, लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. तक्रार आहे ती बाकीच्यांबद्दल. 'सामना' आज मोठ्या पडद्यावर पाहायचा म्हटलं, 'फँड्री' किंवा 'ख्वाडा' पुन्हा एकदा अंधारात, चारचौघांत बसून पाहायचा म्हटलं, किंवा एखादा इराणी, जपानी चित्रपट मोबाइलवर न पाहता पडद्यावर पाहायचा म्हटलं, तर बारामती-इंदापूरच्या माणसाने जायचं कुठे?

पुण्याला. लॉ कॉलेज रस्त्यावर.

बारामतीहून मोरगाव, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरायचा, किंवा पाटसला सोलापूर रस्ता धरायचा. कसंही गेलं तरी शंभर किलोमीटरच्या आसपास. इंदापूरकरांना भिगवण, पाटस, यवत, हडपसर असं आणखी तीसेक किलोमीटर जास्त. स्वारगेटला उतरून डेक्कनमार्गे लॉ कॉलेज रस्त्याला लागलं की राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं आवार येतं. पुणेकर त्याला 'एनएफएआय' किंवा नुसतंच 'अर्काइव्ह' म्हणतात. आवारात एक जुना दगडी बंगला आहे, जयकर बंगला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर म्हणजे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. वास्तूला त्यांचंच नाव. त्याच्या सोबतीला संग्रहालयाची इमारत आणि तिच्यात चित्रपटगृह. बाहेर मोठी पोस्टरं नाहीत, पॉपकॉर्नचा वास नाही, गाडी लावून देणारा गणवेशातला माणूस नाही. बऱ्याच खेळांना तिकीटही नसतं. आधी येईल त्याला जागा.

सिनेमाची आवड असलेल्या माणसाला हे ठिकाण वेगळं का वाटतं, ते तिथल्या प्रेक्षकवर्गावरून कळतं. निवृत्त बँक कर्मचारी, फिल्म इन्स्टिट्यूटची मुलं, नाटकवाले, लायब्ररीची पिशवी खांद्याला लावून आलेल्या आजी. चित्रपट संपला तरी नामावली संपेपर्यंत बरेचजण उठत नाहीत. मध्ये कुणाचा फोन वाजला तर आसपासच्या दहा माना वळतात. हा पुणेरीपणा इथे मात्र उपयोगाचा आहे.

जगात अशा चित्रपटगृहांची एक बिरादरी आहे. पॅरिसला आँरी लांग्लवा यांनी १९३६ साली सिनेमातेक उभं केलं आणि पुढे गोदार, त्रुफोसारखे दिग्दर्शक तिथल्या खुर्च्यांवर बसून तयार झाले. लंडनला नॅशनल फिल्म थिएटर झालं. या सगळ्यांचं सूत्र एकच: कोणता चित्रपट लावायचा हे गल्ल्यावरून ठरत नाही, तो पाहण्यासारखा आहे का यावरून ठरतं. साध्या चित्रपटगृहाला शुक्रवार सांभाळायचा असतो. इथे शुक्रवारला काही मान नाही. १९३६ चा चित्रपट मंगळवारी लागू शकतो.

पुण्याच्या संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. त्याच्या उभारणीत एका माणसाचा वाटा इतका मोठा, की संस्था आणि माणूस वेगळे काढणं अवघड. पी. के. नायर १९६५ मध्ये इथे रुजू झाले, १९९१ पर्यंत राहिले. जुना चित्रपट म्हणजे अडगळ, निगेटिव्हमधली चांदी काढून घ्यायची आणि फिल्म विकून टाकायची, असा तो काळ होता. नायर गोदामं, निर्मात्यांची घरं, बंद पडलेल्या कंपन्यांचे माळे पालथे घालत फिरले. दादासाहेब फाळके यांच्या नाशिकच्या कुटुंबाकडून 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'ची उरलीसुरली रिळं मिळवण्याचं श्रेय त्यांचंच. ती रिळं त्या वेळी हाती लागली नसती, तर भारतीय सिनेमाचा आरंभ आज आपण फक्त छापील मजकुरात वाचला असता. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये नायरांवर 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपट केला; तो याच कामाची गोष्ट सांगतो.

जपण्याचं काम किती नाजूक, हे २००३ च्या जानेवारीत पुण्याने पाहिलं. शेजारच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या गोदामात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि सहाशेहून अधिक चित्रपटांची रिळं गेली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, कारण जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःच सोडते. जुन्या टॉकीजमध्ये मशीनच्या खोलीला जाड भिंती आणि लोखंडी झडपा असत, त्या उगीच नव्हेत.

आता संग्रहालयातला खेळ. सगळे चित्रपट आता फिल्मवर दाखवले जातात असं नाही, डिजिटलचं राज्य इथेही आलं आहेच. पण पस्तीस एमएमची प्रिंट लागली, तर जरा नीट पाहावं. पडद्यावरचं चित्र स्थिर वाटतं, पण ते बारीकसं श्वास घेत असतं. सेकंदाला चोवीस चौकटी भिंगापुढून सरकतात. मिनिटाला नव्वद फूट फिल्म. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. म्हणून दोन मशीन लागतात, एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं. ऑपरेटरला ते कळावं म्हणून पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका चमकतो. काही सेकंदांनी पुन्हा एकदा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटार चालू, दुसऱ्याला बदल. आयुष्यभर सिनेमा पाहिलेल्या कित्येकांना हा ठिपका ठाऊकच नसतो. एकदा दिसला, की मग प्रत्येक जुन्या चित्रपटात दिसत राहतो आणि कधी कधी गोष्टीवरून लक्षही उडवतो.

अशा जुन्या चित्रपटांपैकी 'संत तुकाराम' तर याच शहरात तयार झाला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्यात आली. दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' केला, विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तो स्टुडिओ म्हणजेच आजची फिल्म इन्स्टिट्यूट, संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि खुद्द तुकोबांची पालखी दरवर्षी कुठून जाते? उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण. पुण्यात तयार होऊन व्हेनिसला गेलेला हा चित्रपट पालखीच्या वाटेवरच्या एखाद्या गावात मोठ्या पडद्यावर, वारीच्या आधल्या आठवड्यात, दरवर्षी का लागत नाही, हे कोडंच आहे.

अर्थात, या भागाला सिनेमा पुण्याला जाऊनच पाहावा लागला असं मुळीच नाही. इथे सिनेमा माणसांकडे चालत येत असे.

तंबूतला सिनेमा ही भारतातल्या पक्क्या थिएटरांपेक्षा जुनी गोष्ट आहे. अब्दुलअली इसुफअली नावाचा तरुण विसाव्या शतकाच्या आरंभी तंबू आणि प्रोजेक्टर घेऊन आग्नेय आशियात फिरला, मग भारतात आला. त्याचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद, आत हजार माणसं मावत. पुढे १९३१ च्या 'आलम आरा'च्या निर्मितीतही त्याचा हात होता. फाळके स्वतः आपले चित्रपट घेऊन गावोगाव हिंडले. पश्चिम महाराष्ट्रात ही परंपरा जत्रेला जोडली गेली आणि टिकली. दिवाळी झाली, सुगी घरात आली, की ट्रक बाहेर पडत. वैशाख संपेपर्यंत एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत. पावसाळ्यात तंबू शिवायचे, मशीन उघडायचं. मोरगावचा गणपती बारामती तालुक्यातला, त्याची माघातली यात्रा मोठी. भीमा-नीरेच्या संगमावर नीरा नरसिंहपूर, त्याची वैशाखात. शिर्सुफळला शिरसाईची. अशा यात्रांची साखळी हाच टुरिंग टॉकीजवाल्यांचा नकाशा असे.

ट्रकमध्येच प्रोजेक्टर बसवलेला असायचा. ट्रकच्या मागच्या बाजूने प्रकाशाचा झोत निघे, कनातीला पाडलेल्या भोकातून आत शिरे. बांबूवर पडदा. खाली माती, फार तर वाळू किंवा सतरंजी. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मध्ये एक दोरी किंवा कापडाची कनात. पुष्कळ गावांत बायकांना सिनेमा पाहण्याची हीच काय ती सोय होती, कारण तालुक्याच्या टॉकीजला रात्री नऊच्या खेळाला जाणं घरातून मंजूर होणार नव्हतं. दिवसभर जीपवरचा भोंगा आजच्या खेळाची जाहिरात करत फिरे. तिकीट फाडणाऱ्याची नजर चुकवून कनातीखालून सरपटत आत जाणाऱ्या पोरांची एक स्वतंत्र जमातच होती. यातले काही पुढे सरपंच झाले.

या तंबूत मशीन बहुधा एकच. म्हणजे वर सांगितलेला ठिपका चमकला तरी उपयोग नाही. रीळ संपलं की खेळ थांबायचा, दिवा लागायचा, ऑपरेटर दुसरं रीळ चढवेपर्यंत शेंगदाणे. प्रकाश कार्बनच्या कांड्यांचा. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी धरून ठेवायची, कांड्या जळत झिजत तसतशा हाताने जवळ आणत राहायच्या. हात जरा ढिला पडला की पडद्यावर अंधारून येई आणि तंबूत शिट्या सुरू. फिल्मच्या पेट्या एसटीच्या टपावरून किंवा रेल्वेच्या पार्सलातून येत. एखादी पेटी चुकून दुसऱ्या गावाला गेली, तर त्या रात्री नायक आणि खलनायक यांची गाठ पडायचीच राहून जाई.

एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी. तंबूवाला हा खऱ्या अर्थाने स्वतंत्र थिएटरवाला होता. कोणता चित्रपट लावायचा हे तोच ठरवी, आणि रोज ठरवी. काल देवाचा लावला, आज दादा कोंडकेंचा, उद्या तमाशापट. गाव पाहायचा, गर्दी पाहायचा, यात्रा कोणत्या देवाची ते पाहायचा. पॅरिसच्या लांग्लवांची निवड आणि त्याची निवड यांत चवीचा फरक होता. पण 'माझ्या माणसांना आज काय दाखवावं' हा प्रश्न दोघांनाही सारखाच पडत असणार. आजच्या मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकाला तो पडत नाही. त्याचं उत्तर मुंबईहून आलेलं असतं.

या फिरत्या टॉकीजची अखेरची वर्षं दोन तरुणांनी टिपून ठेवली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया महाराष्ट्रातल्या जत्रांमधून आठ वर्षं या ट्रकांमागे फिरले. तंबूतल्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर पडलेल्या पडद्याच्या उजेडाची मधेशियांची छायाचित्रं वर्ल्ड प्रेस फोटोच्या २०११ च्या स्पर्धेत गौरवली गेली. मग २०१६ मध्ये 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट कानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथल्या माहितीपटांच्या पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यात तीन माणसं आहेत: दोन तंबूवाले, आणि प्रकाश नावाचा प्रोजेक्टर दुरुस्त करणारा. हा प्रकाश पाहण्यासारखा. गंजलेलं मशीन समोर आलं की तो ते बोटांनी चाचपतो, कान लावतो, दात्यांत अडकलेला मळ काढतो. त्याने स्वतःचं डोकं चालवून नव्या बांधणीचा प्रोजेक्टरही तयार केला, पण तोवर रिळांचा जमाना संपत आला होता. चित्रपट उपग्रहावरून आणि हार्डडिस्कवरून यायला लागले. एका तंबूवाल्याने ट्रकमध्ये डिजिटल प्रोजेक्टर चढवला. जुनं मशीन भंगारात गेलं.

मराठीत यावर कथापटही झाला. गजेंद्र अहिरे यांचा 'टुरिंग टॉकीज', २०१३ चा. तृप्ती भोईर यांनी तो निर्माण केला आणि त्यात कामही केलं. संगीत इलयराजा यांचं.

पक्क्या टॉकीजची गत फार वेगळी झाली नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात टॉकीज, म्हणजे किबे लक्ष्मी थिएटर, १९३४ साली सुरू झालं आणि २०१४ अखेर प्रभातच्या हातून गेलं. करार संपला, मूळ मालकांकडे वास्तू परत गेली. ऐंशी वर्षं मराठी चित्रपटाचं ते माहेर होतं. पुण्यासारख्या शहरात अशी वेळ आली, तिथे तालुक्याच्या गावातल्या एकपडदा टॉकीजनी तग धरणं कठीणच. काहींची मंगल कार्यालयं झाली, काही जागा बिल्डरकडे गेल्या, काही नुसत्याच उभ्या आहेत. मोठ्या तालुक्यांच्या गावी वातानुकूलित पडदे आले, खुर्च्या मऊ झाल्या, पोराबाळांना घेऊन जाण्यासारखी स्वच्छता आली. हे चांगलंच झालं. पण आठवड्याभरात गल्ला न दिलेला मराठी चित्रपट तिथे दुसऱ्या शुक्रवारी नसतो, हेही खरं.

भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' आठवावा. धनगराचं कुटुंब, मेंढरं, गावकीचा जाच आणि भटकंतीला कंटाळलेला तरुण मुलगा. दिग्दर्शकाने जमीन विकून केलेला हा पहिलाच चित्रपट, त्याला राष्ट्रीय पुरस्कारात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. तो जिथे घडतो तशी माळरानं शिर्सुफळपासून भिगवणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते जग नवं वाटलं. या पट्ट्यातल्या माणसाला त्यातली चूक-बरोबर सांगता आली असती: मेंढी अशी हाकत नाहीत, वाघर अशी लावत नाहीत. खऱ्या समीक्षकांपर्यंत तो चित्रपट निवांतपणे पोचलाच नाही, असं म्हणायला जागा आहे.

मग उपाय? तो जुनाच आहे आणि त्याला फिल्म सोसायटी म्हणतात. सत्यजित राय आणि मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात एक सुरू केली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे, पुण्यात १९८५ पासून आशय. वर्गणी भरायची, महिन्यातून दोन-चार चित्रपट पाहायचे, पाहून झाल्यावर बोलायचं. चित्रपट रसास्वादाची मराठी शिबिरंही पुण्याला होत आली आहेत. आणि 'हे सगळं शहरी लोकांचे चोचले' असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हेग्गोडू.

कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे सुपारीच्या बागांचं छोटं गाव. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांनी नीनासम ही संस्था वाढवली, जिच्यासाठी त्यांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सत्तरच्या दशकात त्यांनी गावात फिल्म सोसायटी काढली आणि पुण्याहून नायर व त्यांचे सहकारी प्रिंट घेऊन तिथे गेले. शेतकरी, मजूर, गृहिणी यांनी 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला, कुरोसावाचा 'राशोमोन' पाहिला, 'पथेर पांचाली' पाहिला. भाषा इटालियन, जपानी, बंगाली. सायकल चोरीला गेलेल्या बापाचं दुःख समजायला कन्नड माणसाला इटालियन यावं लागलं नाही. सुपारीच्या गावाला जे जमलं, ते उसाच्या गावांना जमू नये असं काहीच नाही.

बारामतीत तर अर्धी तयारी झालेलीच आहे. विद्या प्रतिष्ठानच्या आवारात गदिमा सभागृह आहे. गदिमा म्हटलं की गीतरामायण आठवतं, पण व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ची पटकथा त्यांचीच. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत होती, त्या प्रयोगावरून ती कल्पना सुचली. १९५८ साली बर्लिनलाच त्या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. म्हणजे ज्या लेखकाचं नाव सभागृहाला आहे, त्याचा चित्रपट बर्लिनने डोक्यावर घेतला होता. त्याच सभागृहात तो लावायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. शहरात नटराज नाट्यकला मंदिर आहे. इंदापुरात आणि वालचंदनगरला महाविद्यालयं आहेत, त्यांना सभागृहं आहेत, प्रोजेक्टर आहेत. एरवी ते निरोप समारंभाच्या छायाचित्रांसाठी वापरले जातात.

यात खर्च फार नाही, कटकट आहे. हक्क ज्याच्याकडे असतील त्याची परवानगी घ्यावी लागते. पेन ड्राइव्हवर कुठून तरी आणलेला चित्रपट लावणं म्हणजे चोरीच. ठरलेला वार लागतो, कारण पहिल्या खेळाला दोनशे येतात आणि चौथ्याला वीस. त्या विसांसाठीही खेळ वेळेवर सुरू झाला पाहिजे. आणि पाहुण्यांचे सत्कार टाळावे लागतात. शाल-श्रीफळात पाऊण तास गेला की चित्रपटाला आलेला माणूस पुन्हा येत नाही.

'आता मोबाइलवर सगळं मिळतं' हा आक्षेप येणारच. पुष्कळसं मिळतं, खरं आहे. पण मंजुळेंच्या 'फँड्री'चा शेवट आठवा. सगळ्या गावाने टिंगल केलेला जब्या चिडून दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड सरळ पडद्यातून प्रेक्षकावर येतो आणि अंधार होतो. पाच इंची पडद्यावर तो दगड एक ठिपका असतो. सभागृहात तो तीनशे माणसांच्या अंगावर एकाच वेळी येतो, आणि शेजारी बसलेला माणूस कोणत्या आळीतला आहे हेही त्याच क्षणी जाणवतं. मंजुळेंनी तो दगड कुणासाठी मारला हे गावातल्या सभागृहात बसूनच नीट कळेल.

तोवर पुण्याची वाट आहेच. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आलं, तरी लॉ कॉलेज रस्त्यावरचं चित्रपटगृह आपल्या जागी आहे. निघण्याआधी कार्यक्रम पाहून घ्यावा, अर्धा तास आधी पोचावं, आणि रात्रीच्या परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी. जमलं तर चार-पाच जणांनी मिळून जावं. परतीच्या वाटेवर यवतच्या धाब्यापर्यंत पुरेल इतकं बोलायला नक्की मिळतं. आणि त्या चार-पाच जणांपैकी कुणी कॉलेजात शिकवत असेल, नगरपालिकेत असेल, वाचनालय चालवत असेल, तर त्याने पुढच्या महिन्याचा एक शनिवार सभागृहासाठी राखून ठेवावा. पहिला खेळ कोणता लावायचा यावर बैठक घ्यायची गरज नाही. 'सामना' लावा.